होमस्कूलिंग आणि आरोग्यशिक्षणाची अट : काय शिकवायचे, काय नोंदवायचे

मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवण्याचा निर्णय घेतलेल्या पालकांना गणित, भाषा आणि विज्ञान या विषयांचे नियोजन फारसे जड जात नाही. या विषयांची पुस्तके ठरलेली असतात, धडे क्रमाने लावलेले असतात आणि अभ्यास कुठवर आला हे पान उघडून दाखवता येते. अडखळायला होते ते विषयांच्या यादीत शेवटी कुठेतरी असलेल्या ‘आरोग्य’ या शब्दापाशी. आमचे मूल वेळेवर झोपते, नीट जेवते, रोज खेळते, मग आणखी काय शिकवायचे, असे बहुतेकांना वाटते. पण मूल निरोगी असणे ही एक गोष्ट आणि त्याला आरोग्याचे शिक्षण मिळालेले असणे ही दुसरी. पहिली बरीचशी पालकांच्या हातात असते, तर दुसरी मुलाच्या हातात यावी लागते. पालकांनी आखून दिलेल्या दिनक्रमात धडधाकट वाढलेले मूल तो दिनक्रम सुटल्यावर स्वतःच्या शरीराविषयी आणि मनाविषयी कसे निर्णय घेईल, याची तयारी म्हणजे आरोग्यशिक्षण, आणि कायद्यात जिथे या विषयाचे नाव आहे तिथे विचारणा या तयारीची असते.

ही विचारणा किती काटेकोर असेल हे मात्र ठिकाणावर अवलंबून असते. अमेरिकेत होमस्कूलिंगचे नियम राज्यांच्या अखत्यारीत येतात आणि त्यांत कमालीची तफावत आहे. न्यूयॉर्क राज्यात शिक्षण आयुक्तांच्या नियमावलीतील कलम १००.१० नुसार पहिली ते सहावी, सातवी-आठवी आणि नववी ते बारावी या तिन्ही टप्प्यांवर आरोग्यशिक्षण द्यावे लागते. वरच्या टप्प्यावर त्याचे प्रमाणही ठरलेले आहे: नववी ते बारावी या काळात मिळून अर्धे युनिट. तिथे एक युनिट म्हणजे ६,४८० मिनिटांचे अध्यापन, त्यामुळे अर्धे युनिट ३,२४० मिनिटांचे, म्हणजे ५४ तासांचे होते. ३६ आठवड्यांच्या एका वर्षात ते पूर्ण करायचे तर आठवड्याला दीड तास पुरतो आणि दोन वर्षांवर पसरले तर पाऊण तास. याखेरीज दारू, अमली पदार्थ आणि तंबाखू यांचा गैरवापर, सायकल चालवण्यासह वाहतुकीची सुरक्षितता, आणि आगीपासून बचाव हे विषय बालवाडीपासून बारावीपर्यंत सर्व इयत्तांना लागू आहेत. अनेक पालक ‘आरोग्य’ या एका ओळीवर लक्ष ठेवतात आणि नियमावलीत वेगळ्या ठिकाणी असलेली ही दुसरी यादी त्यांच्या नजरेतून निसटते.

पेन्सिल्व्हेनियात प्राथमिक स्तरासाठी आरोग्य व शरीरविज्ञान, शारीरिक शिक्षण आणि सुरक्षा शिक्षण हे तीन विषय वेगवेगळे सांगितलेले आहेत. त्यातही आगीचे धोके व ते टाळण्याचे उपाय यांचे शिक्षण नियमित आणि सातत्याने असावे, असे शब्द आहेत. तिथे पालकांना वर्षभर नोंदवही आणि मुलाच्या कामाचे नमुने ठेवावे लागतात व पात्र मूल्यमापकाकडून ते तपासून घ्यावे लागतात. उलट टेक्सासमध्ये वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि नागरिकत्व एवढ्यांचीच अपेक्षा आहे. आरोग्य त्या यादीतच नाही. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२० पासून सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळांना आरोग्यशिक्षण सक्तीचे झाले असले, तरी घरी शिकवणाऱ्या पालकांना तो अभ्यासक्रम बंधनकारक नाही. त्यांच्यावर १९९६ च्या शिक्षण कायद्यातील कलम ७ चे बंधन आहे, म्हणजे मुलाचे वय, क्षमता आणि कल यांना साजेसे, परिणामकारक आणि पूर्णवेळ शिक्षण देण्याचे.

म्हणून सुरुवात ऐकीव माहितीने न करता आपण राहतो तिथल्या शिक्षण विभागाने प्रसिद्ध केलेला नियम मुळातून वाचून करावी. वाचताना आरोग्य या विषयाचे स्पष्ट नाव आहे का, तासांचे किंवा इयत्तेचे प्रमाण दिले आहे का, आणि पुरावा म्हणून काय मागितले आहे, एवढे शोधले तरी पुरते. शारीरिक शिक्षणाचा उल्लेख वेगळा असेल तर ते वेगळेच धरावे, कारण पोहणे, धावणे किंवा फुटबॉलचा सराव हे त्या खात्यातले तास आहेत. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल सुचवते. ती ६० मिनिटे खेळणे हे शारीरिक शिक्षण झाले. इतक्या हालचालीने हृदय, हाडे आणि मन यांच्यात काय घडते हे समजून घेणे आणि स्वतःच्या आठवड्याची आखणी करून पाहणे हे आरोग्यशिक्षणात येते.

आता मुख्य प्रश्न आशयाचा. आरोग्य म्हटले की स्वच्छता, आहार आणि रोगांची नावे एवढेच डोळ्यांसमोर येते, पण हा विषय मुळातच रुंद आहे. १९४८ मध्ये अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेत आरोग्याची व्याख्या केवळ रोगाचा अभाव अशी नसून शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्याची पूर्ण अवस्था अशी आहे. अमेरिकेत शाळांसाठी १९९५ मध्ये प्रथम तयार झालेल्या आणि नंतर सुधारत गेलेल्या राष्ट्रीय आरोग्यशिक्षण मानकांत आठ अपेक्षा आहेत. त्यांपैकी मूलभूत माहितीची अपेक्षा एकच आहे आणि उरलेल्या सातही कौशल्यांविषयी आहेत: आपल्यावर कोणाकोणाचा प्रभाव पडतो हे ओळखणे, विश्वासार्ह माहिती आणि सेवा शोधणे, संवाद साधणे, निर्णय घेणे, उद्दिष्ट ठरवणे, आरोग्यदायी सवयी स्वतःहून पाळणे आणि इतरांच्या आरोग्यासाठी बोलणे. ही मानके घरी शिकवणाऱ्यांवर लादलेली नाहीत, तरी नियोजनाचा सांगाडा म्हणून ती मला कोणत्याही तयार कार्यपुस्तिकेपेक्षा उपयोगी वाटतात. बाजारातल्या कार्यपुस्तिका बहुतेक वेळा पहिल्याच अपेक्षेपाशी थांबतात. त्यांतल्या रिकाम्या जागा भरून घेतल्या की विषय झाला असे वाटू लागते आणि सात अष्टमांश काम तसेच राहते.

कौशल्य शिकवायचे म्हणजे काय, हे आहाराच्या उदाहरणावरून पाहू. जास्त साखर वाईट, हे वाक्य सात वर्षांच्या मुलालाही पाठ असते. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती एखाद्या गोड पेयाची बाटली द्यावी आणि लेबल वाचायला सांगावे. त्यावर १०० मिलिलिटरमध्ये १० ग्रॅम साखर असे लिहिलेले असेल आणि बाटली ५०० मिलिलिटरची असेल, तर संपूर्ण बाटलीत ५० ग्रॅम साखर आहे, हे त्याने स्वतः काढावे. अन्नात वरून घातलेल्या आणि मध, सरबत, फळांचा रस यांतल्या साखरेतून दिवसभराच्या एकूण ऊर्जेपैकी १० टक्क्यांहून कमी ऊर्जा मिळावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २,००० किलोकॅलरी घेणाऱ्या प्रौढासाठी ही मर्यादा साधारण ५० ग्रॅमच येते. एवढ्या एका हिशेबात प्रमाण, टक्केवारी आणि लेबलचे आकडे मोठ्या पाकिटाऐवजी छोट्या मापासाठी छापण्याची युक्ती, असे सगळे येऊन जाते. पुढचा प्रश्न प्रभावाचा: या पेयाच्या जाहिरातीत कोण दिसते, ते काय करत असतात आणि साखरेविषयी एक अक्षरही का नसते? त्यानंतरचा निर्णयाचा: मित्रांबरोबर असताना सगळे हेच पीत असतील तर तू काय करशील? ‘पिणार नाही’ असे छापील उत्तर मिळाले तर समजावे की मूल आपल्याला खूश करत आहे. कधीतरी पिईन पण छोटी बाटली घेईन, हे उत्तर अधिक प्रामाणिक आणि म्हणून शिक्षणाच्या दृष्टीने अधिक मोलाचे.

माहितीची पारख हा भाग मोठ्या मुलांसाठी सर्वात महत्त्वाचा आहे, असे माझे मत आहे, कारण तेरा-चौदा वर्षांचे मूल आरोग्याविषयीचे प्रश्न पालकांच्या आधी मोबाइलला विचारते. आठवड्यात दिसलेला एखादा दावा निवडावा, उदाहरणार्थ अमुक पूड घेतल्याने उंची वाढते. हे कोण सांगत आहे, सांगणाऱ्याला त्यातून काय मिळते, पुरावा एका माणसाच्या अनुभवाचा आहे की अनेकांवर केलेल्या तुलनात्मक अभ्यासाचा, आणि सरकारी आरोग्य विभाग किंवा डॉक्टरांच्या मान्यताप्राप्त संस्था याविषयी काय म्हणतात, हे तपासायला लावावे. उंची वाढणे हाडांच्या टोकांजवळच्या वाढपट्ट्यांवर अवलंबून असते आणि त्या पौगंडावस्थेच्या अखेरीस बंद होतात, हे जीवशास्त्र अशा वेळी सांगितले की ते लक्षात राहते. घरात कोणी एखाद्या बिनपुराव्याच्या उपायावर श्रद्धा ठेवून असेल तर हा धडा थोडा अवघड होतो, पण तो टाळू नये.

वयानुसार भर बदलतो. लहान वयात अवयवांची खरी नावे, हात धुणे, दात घासणे, रस्ता ओलांडणे, आणि कोणता स्पर्श चालेल, कोणता चालणार नाही व तो झाला तर कोणाला सांगायचे, एवढे नीट झाले तरी भरपूर झाले. खासगी अवयवांची टोपणनावे न वापरता खरी नावे शिकवण्यामागे सभ्यतेचा प्रश्न नाही. दुखापत किंवा अत्याचार झाल्यास मुलाला काय झाले ते नेमके सांगता यावे, हे त्याचे कारण आहे. आगीविषयीही याच वयात कृती करून घ्यावी. धूर वर चढतो म्हणून खाली वाकून किंवा रांगत बाहेर पडायचे, बाहेर पडण्याचे दोन मार्ग माहीत असायचे, एकत्र जमण्याची जागा आधीच ठरलेली असायची, आणि कपड्यांनी पेट घेतला तर पळायचे नाही, थांबून जमिनीवर पडून लोळायचे. वर्षातून दोनदा घरातल्या सर्वांनी हा सराव केला आणि त्याची तारीख लिहून ठेवली, तर सुरक्षा शिक्षणाच्या अटीचा मोठा भाग पूर्ण होतो.

पौगंडावस्थेचा विषय बहुतेक घरांत उशिरा निघतो. मुलींमध्ये हे बदल साधारण ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वयात सुरू होतात. म्हणजे बदल दिसू लागल्यावर बोलायचे ठरवले तर मुलाने तोवर अर्धवट माहिती दुसरीकडून मिळवलेली असते किंवा ते घाबरून गप्प बसलेले असते. लैंगिकता शिक्षणासाठी युनेस्कोने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि २०१८ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शनात ५ ते ८, ९ ते १२, १२ ते १५ आणि १५ ते १८ हून अधिक असे वयोगट पाडलेले आहेत. सर्वात लहान गटातही आशय असतो, पण तो कुटुंब, मैत्री, शरीर आणि सुरक्षितता यांचा असतो. आठव्या-नवव्या वर्षी पाळी, आवाज बदलणे, घामाचा वास, मनाची चंचलता यांविषयी मुलींना आणि मुलांना, दोघांनाही दोन्हीकडचे बदल सांगून ठेवावेत. मुलांना पाळीविषयी सांगण्याची गरज काय, असे विचारले जाते. घरात बहीण, पुढे मैत्रिणी आणि सहकारी असणार, हे उत्तर पुरेसे आहे.

यानंतरच्या वर्षांत संमती, नातेसंबंधांतली जबरदस्ती, लैंगिक संसर्ग, गर्भधारणा, व्यसने, ताण आणि नैराश्य यांकडे जावे लागते. पालकांना संकोच वाटतो, आणि तो लपवून ठेवण्यात काही हशील नाही, कारण मुलांना तो कळतोच. ज्या विषयावर बोलणे खरोखरच जमत नसेल त्यासाठी ओळखीच्या डॉक्टर, परिचारिका किंवा समुपदेशक यांच्याबरोबर तासाभराची भेट ठरवावी आणि त्या वेळी स्वतः खोलीबाहेर बसावे. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या आजूबाजूला शिक्षक, परिचारिका, समुपदेशक असे घराबाहेरचे प्रौढ रोज असतात. घरी शिकणाऱ्या मुलाच्या आयुष्यात ते आपोआप येत नाहीत, आणि काही गोष्टी मुलांना आई-वडिलांखेरीज कोणाला तरी सांगायच्या असतात. तेव्हा घराबाहेरच्या दोन-तीन विश्वासू प्रौढांची नावे आणि आपल्या भागातील मुलांच्या मदतवाहिनीचा क्रमांक मुलाला माहीत असणे, हा मी अभ्यासक्रमाचाच भाग मानतो, मग नियमावलीत त्याचा उल्लेख असो वा नसो.

शाळेबरोबर आणखी एक गोष्ट सुटते, ती म्हणजे तपासण्या. अनेक शाळांमध्ये दृष्टी, श्रवण, उंची आणि वजन यांची वेळोवेळी पाहणी होते. मुलाला फळा दिसत नाही हे कित्येकदा वर्गातच लक्षात येते. स्वयंपाकघराच्या टेबलावर पुस्तक जवळ धरून शिकणाऱ्या मुलाची लांबची नजर कमी झाली तर ते कोणाला कळणार नाही. पेन्सिल्व्हेनियात लसीकरणाचा आणि कायद्याने ठरवलेल्या आरोग्य सेवांचा पुरावा पालकांच्या प्रतिज्ञापत्राबरोबर द्यावाच लागतो. जिथे असे बंधन नाही तिथेही वर्षातून एकदा डोळे, कान आणि दात तपासून घ्यावेत आणि त्या भेटीचा धड्यासारखा उपयोग करावा: प्रश्न मुलाने लिहून न्यावेत आणि डॉक्टरांना मुलानेच विचारावेत.

प्रथमोपचार मात्र पुस्तकातून शिकवू नयेत. जखमेवर दाब देणे, भाजल्यावर वाहत्या साध्या गार पाण्याखाली धरणे, घशात काही अडकल्यावर करायची कृती आणि हृदय बंद पडल्यावर द्यायचा छातीदाब या गोष्टी प्रशिक्षित माणसाकडून, पुतळ्यावर हात चालवूनच येतात. प्रौढ व्यक्तीला छातीदाब देताना मिनिटाला १०० ते १२० वेळा आणि ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबावे लागते. ती लय आणि तेवढा जोर वाचून कळत नाही. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पाठिंबा दिलेल्या एका आंतरराष्ट्रीय निवेदनात १२ व्या वर्षापासून दरवर्षी दोन तास हे प्रशिक्षण द्यावे, असे म्हटले आहे. घरी शिकवणाऱ्या चार-पाच कुटुंबांनी मिळून प्रशिक्षक बोलावला तर खर्चही वाटला जातो, आणि मिळालेले प्रमाणपत्र हा पुराव्याच्या दृष्टीने निर्विवाद कागद ठरतो.

राहिला प्रश्न नोंदींचा. वर्षाच्या शेवटी आठवून लिहिलेली नोंदवही ओळखू येते, म्हणून त्या-त्या आठवड्यात चार ओळी लिहिण्याची शिस्त लावून घ्यावी. ‘आरोग्यदायी आहाराविषयी चर्चा केली’ ही नोंद कमकुवत आहे, कारण ती कोणत्याही घरात कोणत्याही दिवशी लिहिता येईल. त्याऐवजी अशी लिहावी: ‘तीन खाद्यपदार्थांच्या लेबलांवरून साखर आणि मीठ यांचे पाकीटभराचे प्रमाण काढले, तुलनेचा तक्ता केला, एका जाहिरातीतील दाव्याची तपासणी अर्ध्या पानात लिहिली, ७५ मिनिटे.’ या नोंदीत विषय, मुलाने स्वतः केलेले काम आणि वेळ हे तिन्ही येते, आणि तक्ता हाच कामाचा नमुना म्हणून जोडता येतो. न्यूयॉर्कमध्ये तिमाही अहवाल द्यावे लागतात. तिथे अशा दहा-बारा नोंदींवरून अहवालातले आरोग्याचे वाक्य सहज तयार होते. एकच कृती दोन विषयांना उपयोगी पडली, तर तिचे तास दोन्हीकडे पूर्ण धरू नयेत. नाडीचे ठोके मोजून आलेख काढण्यातली वीस मिनिटे गणिताची आणि वीस आरोग्याची, अशी वाटणी प्रामाणिकही आहे आणि तपासणाऱ्याला पटणारीही.

काय नोंदवू नये हेही तितकेच महत्त्वाचे आहे. मुलाचे वजन, पाळीच्या तारखा, मनःस्थितीची रोजनिशी, त्याने विश्वासाने विचारलेला प्रश्न, घरातल्या कोणाच्या आजाराविषयीची चर्चा, यांतले काहीही मूल्यमापकाच्या किंवा शिक्षण कार्यालयाच्या फाइलमध्ये जाण्याचे कारण नाही. तिथे ‘पौगंडावस्थेतील शारीरिक बदल : वाचन आणि चर्चा, ४५ मिनिटे’ एवढे लिहिले की पुरते. झोपेच्या सवयीचा प्रकल्प करायचा असेल तर मुलाने आपली नोंद स्वतःकडे ठेवावी आणि फाइलमध्ये फक्त निष्कर्ष द्यावा, की शिफारस १३ ते १८ वर्षांसाठी ८ ते १० तासांची आहे, आपली झोप आठवड्याच्या मध्याला कमी पडते आणि त्यासाठी कोणता बदल करून पाहिला. आपली खासगी माहिती कोणाच्या हाती द्यायची आणि किती द्यायची, हे ठरवायलाही मूल यातूनच शिकते.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलासाठी लेखी परीक्षेपेक्षा एक साधे काम अधिक बोलके ठरते. डॉक्टरांची वेळ त्याने स्वतः घ्यावी, दवाखान्यातला अर्ज स्वतः भरावा, त्यात आपल्या लसी, ॲलर्जी, चालू औषधे आणि कुटुंबातले आनुवंशिक आजार न विचारता लिहिता येतात का ते पाहावे, आणि डॉक्टरांनी सांगितलेले घरी येऊन आपल्या शब्दांत समजावून सांगावे. जिथे अडेल तिथे पुढच्या महिन्याचे धडे आखावेत. भरलेला अर्ज फाइलला लावू नये. नोंदवहीत तारीख, ‘आरोग्य सेवांचा वापर’ हा विषय आणि लागलेला वेळ एवढेच लिहावे.